अण्णा म्हणतात, चार नंबर

यशवंतपूरच्या घाऊक बाजाराच्या मागे, कांद्याच्या लॉऱ्या वळायच्या त्या रस्त्यावर एक गॅरेज होतं. तिथे गाडीला हात लावण्याआधी ती एका माणसाला ऐकवावी लागे. माणूस खुर्चीत बसलेला असे. खुर्ची म्हणजे भंगारात निघालेल्या अँबॅसडरची पुढची सीट, बुटक्या लोखंडी पायांवर चढवलेली. गिऱ्हाईक गाडी उलटी घेत घेत खुर्चीपर्यंत आणी आणि इंजिन चालू ठेवी. खुर्चीतला माणूस डावा हात खाली सोडून तळवा सायलेन्सरच्या तोंडाशी धरी. थोड्या वेळाने एक बाई त्याच्या कानाशी वाके आणि काही विचारी. तो डावा हात वर करी, बोटं दाखवी. बाई गिऱ्हाइकाकडे वळून सांगे :

"अण्णा म्हणतात, चार नंबर."

बाईंचं नाव इंदिराबाई शितोळे. सगळा रस्ता त्यांना इंदूअक्का म्हणे. खुर्चीतले अण्णा म्हणजे वेंकोबराव, त्यांचे यजमान. त्यांना अर्धांगवायूचा झटका येऊन गेला होता. उजवी बाजू गेली होती आणि वाचाही गेली होती. डावा हात आणि दोन्ही कान शाबूत होते. शितोळे मंडळी बंगळूरात किती पिढ्यांपासून होती ते त्यांनाही सांगता येत नसे. घरात मराठी बोलत, पण त्या मराठीत निम्मा बाजार कन्नडचा असे.

मी तेव्हा एका वृत्तसंस्थेत बातमीदार होते. नव्वदीच्या दशकाची ती मधली वर्षं. निपाणीहून आल्यावर मी एक जुनी पद्मिनी विकत घेतली होती. ती सिग्नलला उभी राहिली की हिवताप आल्यासारखी थरथरे. कुणीतरी या गॅरेजचा पत्ता दिला. मी गाडी लावली, उतरले, आणि अक्काचं पहिलं वाक्य ऐकलं :

"इंजिन कुणी बंद करायला सांगितलं? आजारी माणसाला डॉक्टरकडे आणून त्याचं तोंड दाबून धरतेस काय? चालू कर."

मी चालू केलं. अण्णांनी दोन बोटं दाखवली. ती दुरुस्त झाली आणि मी त्या गॅरेजची झाले.

चार सिलिंडरच्या इंजिनात एक सिलिंडर पेट घेत नसेल तरी गाडी चालते, पण लंगडत. उभी असताना हादरते, मागून मध्येच 'फट्' असा आवाज येतो, चढावर दम टाकते. गॅरेजच्या भाषेत याला मिसिंग म्हणतात. कुठला सिलिंडर ते शोधायची रीत अशी : इंजिन चालू ठेवून चारही प्लगांच्या वायर एकेक करून काढायच्या आणि परत लावायच्या. चांगल्या सिलिंडरची वायर काढली की इंजिन आणखी अडखळतं. ज्याची काढून काहीच फरक पडत नाही, तो आधीच मेलेला असतो.

अक्का हे गिऱ्हाइकांना तिच्या पद्धतीने समजावी. "घरात चार भाऊ. तिघं राबतात, एक नुसता जेवतो. जेवणाऱ्याला घराबाहेर काढलं तर घराला काय फरक पडणार? तोच शोधायचा." रेडिएटरकडचा पहिला तो थोरला, शेवटचा चौथा तो धाकटा. "तुमचा धाकटा बिघडलाय," असं ती एखाद्या वकिलाला सांगे, तेव्हा तो दचकून घरच्या मुलाबद्दल विचार करू लागलेला मी पाहिला आहे.

पण मेलेला सिलिंडर सापडला की काम संपत नसे, तिथून सुरू होई. तो का मेला? प्लग काजळला, की वायर आतून तुटली, की ठिणगी वाटून देणाऱ्या टोपीला तडा गेला, की आतला व्हॉल्व्ह नीट मिटत नाही? एक प्लग शेजारच्याशी बदलून बघायचा. दोष प्लगबरोबर गेला तर प्लग, जागेवरच राहिला तर पुढचा संशयित. अक्काचा सगळा दिवस अशा अदलाबदलीत जाई.

ती बसत नसे. जेवण उभ्याने, एका हातात स्टीलचा डबा, दुसऱ्या हातात पाना. नऊवारी नाही, पाचवारीच, पण निऱ्या वर खोचलेल्या, पायात पुरुषी रबरी चपला. बोलता बोलता रस्त्यावरून जाणारी एखादी गाडी फट् करून गेली की तिचं वाक्य अर्ध्यावर तुटे. मान त्या दिशेला वळे, ओठ हलत. गाडी ऐकू येईनाशी झाली की, "कुठवर आलेले मी?" असं विचारी, आणि उत्तर मिळण्याआधी दुसऱ्याच विषयावर जाई. मिसिंग असलेल्या ऑटोत ती बसू शकत नसे. एकदा माझ्याबरोबर मल्लेश्वरमला निघाली असताना ती अर्ध्या वाटेत उतरली. "इळिसप्पा, इळिसु," म्हणत तिने ऑटो थांबवला आणि ड्रायव्हरला सुनावलं, "ठिणगीचे पॉइंट घासून घे आधी. दाढदुखी घेऊन धंदा करतोस?" उरलेली वाट आम्ही चालत गेलो. मी कुरकुर केली तेव्हा म्हणाली, "तुला कुणी रडत असलेल्या पोराच्या शेजारी बसवलं तर गप्प बसशील?"

हे ज्ञान तिला कुठून आलं, याचं उत्तर तिच्या उजव्या पायात होतं. लग्न होऊन ती या गॅरेजच्या मागच्या दोन खोल्यांत आली. अण्णा बॉनेटमध्ये डोकं घालून काम करत आणि कुणीतरी आत बसून 'रेस' द्यावी लागे, म्हणजे सांगतील तेवढा ॲक्सिलरेटर दाबून धरावा लागे. ठेवलेली माणसं पळून जात, म्हणून जेवण घेऊन आलेल्या बायकोला त्यांनी एक दिवस सीटवर बसवलं. ती मग वर्षानुवर्षं बसली. अण्णा कानाने आणि तळव्याने इंजिन ओळखत; ही पायाने आणि पाठीने. चुकलेला ठोका तिला सीटमधून कळे. आणि दोघांचं जमत नसे. ते ओरडत, "तीन!" ही आतून ओरडे, "तीन कुठला, दोन!" गिऱ्हाईक मध्ये उभं राहून दोघांकडे बघत राही. जुन्या गिऱ्हाइकांकडून मी हे ऐकलं. ते हसून सांगत. त्यांच्या मते अण्णा नेहमी बरोबर निघत. अक्काच्या मते "निम्म्या वेळा. आणि त्या निम्म्यातल्या निम्म्या वेळा माझं ऐकून."

झटका आला आणि ते भांडण थांबलं. गॅरेज थांबलं नाही.

गिऱ्हाइकांचा विश्वास अण्णांच्या तळव्यावर होता. अक्का वायर काढते, प्लग बदलते, हे त्यांना चालत होतं. पण निदान अण्णांचं हवं होतं. ती एकटी असताना कुणी आलं तर विचारी, "अण्णा इल्लवा?" आणि नाही म्हटल्यावर उद्या येतो म्हणून जाई. म्हणून ती सीट, ते बुटके पाय, ते कानात विचारणं. हे मला समजण्यासारखं होतं. या शहरात त्या वेळी बाईच्या हातात पाना बघून दुचाकीवाले वळून बघत.

मला शंका आली ती एका लग्नात. अक्काच्या पुतण्याचं लग्न होतं, मला आमंत्रण होतं. कल्याणमंटपाबाहेर नवरदेवाची गाडी फुलांनी मढवून उभी होती. आत नवरा बसलेला, वाजंत्री सुरू होणार, एवढ्यात ड्रायव्हरने गाडी चालू केली आणि अख्खी फुलांची झालर थरथरायला लागली. अक्का जरीच्या साडीत होती. हातातलं ताट तिने शेजारच्या बाईच्या हातात दिलं.

"बॉनेट उघड."

"अक्का, मुहूर्त टळेल," तिचे दीर म्हणाले.

"चढावर बंद पडली तर नवऱ्याला ढकलायला लावाल? उघड रे."

झेंडूच्या माळा सोडून बॉनेटवरून खाली लोंबकळल्या. अक्काने आचाऱ्याकडून लाकडी मुठीची सांडशी मागवली, मुठीला कोरडा पंचा गुंडाळला आणि वायर काढायला लागली. थोरला, दुसरा, तिसरा. तिसऱ्याची वायर काढली, झालर थरथरतच राहिली; फरक शून्य.

दीर म्हणाले, "पण अण्णा इथे नाहीत. कुणी सांगितलं तीन?"

"अण्णांनी सकाळीच सांगितलंय," अक्का म्हणाली. "मी निघताना."

गाडी भाड्याची होती. सकाळी ती कुठे होती हे ड्रायव्हरलाही माहीत नसेल. पण दिरांनी मान डोलावली, "मग सरी," म्हणाले, आणि बाजूला झाले. इंजिन बंद करायला लावून, ड्रायव्हरच्या पान्याने प्लग काढून, पंच्याने पुसून, फट नखाने मापून तिने परत बसवला. गाडी गुळगुळीत चालू लागली. नवरदेव आतून हात जोडत होता. अक्काच्या जरीच्या पदराला काळा पट्टा लागला होता आणि तिचं लक्ष पुढच्या गाडीच्या आवाजाकडे गेलं होतं.

त्यानंतर मी गॅरेजमध्ये नीट बघायला लागले. सवयच ती. अण्णा बोटं दाखवत. अक्का नंबर मोठ्याने जाहीर करी. मग बॉनेटमध्ये वाकून वायरी काढी. आणि पुष्कळदा, माझ्या लक्षात आलं, वेगळाच सिलिंडर मेलेला निघे. अशा वेळी ती म्हणे, "उघडलंच आहे तर चारही साफ करू." चार प्लग बाहेर येत. अण्णांच्या नंबरचा प्लग ती वर धरून सगळ्यांना दाखवी, "बघा, कसा काजळलाय." खऱ्याचं काम त्या चौघांच्या गर्दीत उरके. अण्णांची बोटं कधीकधी अगदी बरोबरही निघत. पण तिने जाहीर केलेल्या हिशेबात ती कधीच चुकत नसत.

मी एकदा विचारलं. ती हात धूत होती, रॉकेल आणि मग साबण.

"दिसलं होय तुला," ती म्हणाली. "पेपरवाली ना. लिहू नकोस हं."

"गिऱ्हाइकांना आता कळलं तरी काय होईल? तुमचं काम बघितलंय त्यांनी."

"गिऱ्हाईक गेलं उडत." तिने पाण्याचा तांब्या खाली ठेवला, परत उचलला. "दवाखान्यातून आणलं ना, त्या आठवड्यातली गोष्ट. पहिली गाडी आली. ह्यांनी बोट दाखवलं, एक. मी म्हटलं, नाही हो, चार आहे. नेहमीसारखं म्हटलं. तर हे रडले. लहान पोरासारखे, आवाज काढून. मी सासू मेली तेव्हाही ह्यांना रडताना बघितलेलं नाही. गिऱ्हाईक बघत होतं. तेव्हा ठरवलं, आता ह्यांना चूक म्हणायचं नाही. त्यांचं काय राहिलंय दुसरं? पाय गेला, जीभ गेली. तेवढं एक आहे. ते मी काढून घेऊ?"

ती बाहेर गेली, कुठल्याच गाडीची गरज नसताना एक बॉनेट उघडून बंद केलं आणि परत आली. "रोज वाटतं, आज कळणार ह्यांना. रोज," ती म्हणाली.

ते कळलं नंजुंडप्पाच्या टॅक्सीमुळे.

नंजुंडप्पा जुनं गिऱ्हाईक. त्याची अँबॅसडर उभ्या उभ्या हादरत होती. अण्णांनी चार बोटं दाखवली. अक्काने वायरी काढल्या, मेला होता दोन नंबर. तिने नेहमीप्रमाणे चारही प्लग काढले, साफ केले, दोनचा प्लग नवा घातला. हादरा गेला नाही. म्हणजे दोष प्लगात नव्हता, आत व्हॉल्व्हमध्ये होता. तो बघायचा तर इंजिनाचं वरचं झाकण उघडून, अण्णांच्या डोळ्यांसमोर, बराच वेळ दोन नंबरवर काम करावं लागणार होतं. ते लपवता येण्यासारखं नव्हतं. अण्णा बघत होते. तिने इंजिनाची संथ चाल जरा वाढवली. वाढवलेल्या चालीत हादरा कमी जाणवतो. "आता ने, पण स्वल्प दिवसांनी परत आण. लांब नेऊ नकोस," म्हणाली. नंजुंडप्पा हो म्हणाला आणि लांबचं भाडं मिळाल्यावर विसरला. हे तिला माहीत असायला हवं होतं; टॅक्सीवाला लांबचं भाडं सोडत नाही.

नंदी डोंगराच्या चढावर गाडीने दम टाकला आणि बंद पडली. मग मागे घरंगळायला लागली. आत एक कुटुंब होतं, लहान मूल होतं. ब्रेक धरेपर्यंत मागची बाजू कठड्याला लागली. कुणाला काही झालं नाही. कठडा होता म्हणून.

नंजुंडप्पा आला तेव्हा मी तिथे होते. तो कन्नडमध्ये ओरडत होता आणि रस्त्यावरची माणसं जमा होत होती. त्याच्या हातात वाटेतल्या एका मेकॅनिकने काढून दिलेला जळका व्हॉल्व्ह होता.

"दोन नंबरचा आहे हा! दोन! अण्णा चार म्हणाले होते! पोर होतं अक्का गाडीत, पोर!"

अण्णा खुर्चीत होते. त्यांनी व्हॉल्व्हकडे बघितलं आणि मग अक्काकडे. सगळेच अक्काकडे बघत होते.

अक्का म्हणाली, "अण्णांनी दोनच दाखवलं होतं. मी चार ऐकलं. म्हणजे, बघितलं. माझी चूक आहे, नंजुंडप्पा. अण्णांची नाही."

"माझ्यासमोर चार बोटं..."

"तू काय बघितलंस ते सोड. मी सांगते ना, माझी चूक. मला नीट येत नाही हे काम. अण्णांचं बरोबर होतं."

गर्दीतून कुणीतरी म्हणालं की बाईमाणसाच्या हातात दिलं की असंच होणार. अक्काने त्याच्याकडे बघितलंही नाही. नंजुंडप्पा व्हॉल्व्ह जमिनीवर टाकून गेला.

मी अण्णांकडे बघत होते. त्यांचा चेहरा एका बाजूने स्थिर होता, दुसऱ्या बाजूने मात्र सगळं दिसत होतं. आपण चार दाखवले होते हे त्यांना पक्कं आठवत होतं. आणि बायको जगासमोर खोटं बोलत होती. एकदा खोटं बोलताना पकडलेल्या माणसाची जुनी वाक्यं मागून तपासायला घेतात, तसं काहीतरी त्यांच्या डोळ्यांत चाललं होतं.

दुसऱ्या दिवशी पहिली गाडी लागली. अक्का वाकली, विचारलं. अण्णांनी हात वर केला आणि मूठ मिटली. तिने परत विचारलं. मूठच. तिसऱ्यांदा त्यांनी हात खाली घेतला आणि खुर्ची आतल्या बाजूला वळवायची खूण केली.

पुढचे काही आठवडे त्या गॅरेजमध्ये जायला मला नको वाटे. अण्णा भिंतीकडे तोंड करून बसत. अक्का प्रत्येक गाडीला आधी त्यांच्याकडे जाई, वाके, विचारी, मूठ बघे, परत येई. गिऱ्हाइकांना हे दिसत होतं. नंजुंडप्पाने टॅक्सीस्टँडवर काय सांगायचं ते सांगितलं होतंच. अण्णा बोलत नाहीत आणि अक्काला येत नाही, असा त्याचा सारांश होता. गाड्या कमी झाल्या. अक्काची धावपळ मात्र वाढली. ती पाने लावी, काढी, झाडलेली जागा परत झाडी. माझ्याशी बोलताना तिची नजर माझ्या खांद्यावरून भिंतीकडच्या खुर्चीवर जाई.

"रात्री जेवतात?" मी विचारलं.

"जेवतात. डाव्या हाताने, स्वतः. मला भरवू देत नाहीत आता."

"रागावलेत."

"रागावू देत ना! भांडा म्हणावं. ही मूठ काय? मूठ कसली दाखवतात मला?" ती हे मोठ्याने बोलत होती, भिंतीला ऐकू जाईल इतकं.

माझी पद्मिनी त्याच सुमारास पुन्हा थरथरायला लागली. मी गाडी घेऊन गेले. उन्हं उतरत होती, दुसरं गिऱ्हाईक नव्हतं. अक्काने सवयीने गाडी खुर्चीपर्यंत मागे घ्यायला सांगितली, मग थांबली. पुढे जाऊन तिने खुर्चीच फिरवली. अण्णांसकट, दोन्ही हातांनी, लोखंडी पाय फरशीवर खरवडत. अण्णांनी डाव्या हाताने भिंत धरायचा प्रयत्न केला.

"पेपरवाली, तू बॉनेटपाशी जा. मी बसते."

झटक्यानंतर ती पहिल्यांदाच सीटवर बसत होती, हे माझ्या नंतर लक्षात आलं. तिने चप्पल काढली आणि अनवाणी पाय ॲक्सिलरेटरवर ठेवला. इंजिन चढलं, उतरलं, परत चढलं. तिने डोळे मिटले होते. मग खिडकीतून डोकं बाहेर काढून ती मागे ओरडली :

"एक! थोरला! काय म्हणता?"

अण्णा हलले नाहीत.

"एक नंबर आहे म्हणते मी! ऐकू येतं ना? की कानही गेले?"

मला ते ऐकवलं नाही. पण अण्णांचा हात खाली गेला, सायलेन्सरपाशी. बराच वेळ तिथे राहिला. मग वर आला. मूठ उघडली. तीन बोटं.

अक्का गाडीतून उतरली. ती खुर्चीसमोर जाऊन उभी राहिली आणि कानाशी न वाकता, मोठ्याने, रस्त्याला ऐकू जाईल असं म्हणाली :

"चूक."

अण्णांचा चेहरा वाकडा झाला आणि ते रडायला लागले. अक्काने सांगितलं होतं तसेच, आवाज काढून. मी पुढे झाले. अक्काने हाताने मला थांबवलं. ती त्यांच्याकडे बघत होती, आणि मग माझ्याही लक्षात आलं. ते रडत होते आणि हात खाली आलेला नव्हता. तीन बोटं तशीच वर होती. रडता रडता त्यांनी ती हलवली, तिच्या तोंडासमोर, दोनदा. तीन. तीन म्हणतोय ना.

"अगं बाई," अक्का म्हणाली. तिचा आवाज अगदी बारीक झाला होता. "रडू येतंय ते वेगळंच आहे, दुखण्याचं. आणि मी..."

तिने सांडशी उचलली आणि बॉनेटकडे गेली. तिची सांडशी घरचीच होती, मुठींना सायकलची ट्यूब गुंडाळलेली. तिने थोरल्याची वायर काढली. इंजिन धडपडलं. थोरला जिवंत होता. तिसऱ्याची काढली. काहीही फरक पडला नाही.

ती सांडशी हातात घेऊन उभी राहिली. मग खुर्चीपाशी जाऊन तिने पदराने अण्णांचं तोंड पुसलं, जरा जोरातच.

"बरोबर आहे तुमचं. या वेळी," ती म्हणाली. "आणि नंजुंडप्पाच्या वेळी चूक होतं. साफ चूक. दोन होता. आणि त्या मुदलियारच्या गाडीच्या वेळी चूक, आणि त्या शाळेच्या व्हॅनला चूक. सांगू सगळं? बसा ऐकत."

तिने सांगितलं. एकेक गाडी, एकेक नंबर. अण्णा ऐकत होते. मधूनच ते डावा हात वर करून एखादी गाडी अडवत, जणू ती त्यांना मान्य नव्हती. रडणं कधी थांबलं ते कुणाच्या लक्षात आलं नाही. माझ्या गाडीचा प्लग मीच काढून ठेवला आणि वाट बघत बसले.

नंजुंडप्पाकडे ती दुसऱ्याच दिवशी टॅक्सीस्टँडवर गेली. तिथे सगळ्यांसमोर काय म्हणाली ते मला त्यानेच पुढे सांगितलं : "अण्णांनी चार दाखवलं होतं, ते चुकलं. मला दोन आहे हे कळलं होतं, तरी मी गप्प बसले. ही माझी चूक त्यांच्या चुकीपेक्षा मोठी आहे. गाडी आण, आतलं सगळं मी उघडून बघते." तो लगेच आला नाही. पण आला.

दशक संपत आलं तसं शहर बदललं. मारतहळ्ळीकडे माळरानावर इमारती उठायला लागल्या होत्या. मी तिकडे राहायला गेले. जुनी पद्मिनी विकली. नवी गाडी आली तिच्या इंजिनाला डोकं असल्यासारखं होतं. बिघडली की कंपनीच्या वर्कशॉपमध्ये नेऊन तिला यंत्र जोडत आणि यंत्र आकडा सांगे. यशवंतपूरला जायचं कारण राहिलं नाही.

शेवटचं बघितलं ते कांद्याच्या भावाच्या बातमीसाठी बाजारात गेले होते तेव्हा. काम उरकून मागच्या रस्त्याने निघाले. गॅरेज होतं. दारात बोम्मसंद्र्याच्या कुठल्यातरी कारखान्याची व्हॅन उभी होती, इंजिन चालू, पाठ खुर्चीकडे. अक्का व्हॅनच्या सीटवर होती, केस पांढरे झालेले, अनवाणी पाय दारातून दिसत होता. खिडकीतून हात बाहेर काढून तिने दोन बोटं दाखवली होती. मागे खुर्चीत अण्णा होते, आणखी वाळलेले, आणि त्यांनी एक बोट दाखवलं होतं. दोघंही बोटं खाली घेत नव्हती. मध्ये व्हॅनचा ड्रायव्हर उभा होता, त्याला परत कारखान्यात पोचायचं असावं. तो घड्याळाकडे बघत होता, मग तिच्याकडे, मग अण्णांकडे. शेवटी तो कंटाळला. खिडकीतून आत हात घालून त्याने किल्ली फिरवली आणि इंजिन बंद केलं.

अण्णांनी डाव्या हाताने सीटच्या कडेवर रागाने थापा मारल्या. आणि अक्का आतून ओरडली, "बंद कुणी करायला सांगितलं? चालू कर आधी! आमचं झालेलं नाही!"